महागडे ‘साधे’ क्रीम : पैसे वसूल होतात का?

चेहऱ्याविषयी विचारायला दवाखान्यात येणाऱ्यांचे प्रश्न पूर्वी ठरलेले असत. मुरुम जात नाहीत, वांग आले आहेत, उन्हाने चेहरा रापला आहे, वगैरे. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. पर्समधून एक छोटी, पांढरी, देखणी डबी बाहेर येते. तिच्यावर ना फूल, ना नटीचा हसरा चेहरा. बारीक अक्षरांत दोनच ओळी. आत काय, तर चेहऱ्याचा कोरडेपणा घालवणारे क्रीम, म्हणजे मॉइश्चरायझर. किंमत बाराशे, पंधराशे, कधी दोन हजारांच्याही पुढे. “डॉक्टर, मुलीने मागवलंय. म्हणते, यात सुगंध नाही, रंग नाही, मोजून आठ-दहाच घटक आहेत. मग इतकं कमी घालून इतके पैसे कशाचे घेतात? आणि घेतले तर ते वसूल होतात का?”

प्रश्न अगदी चोख आहे, आणि तो एकट्या मुलीच्या हौसेचा नाही. महिन्याच्या किराणामालाच्या यादीशेजारी आता ही डबी येऊन बसली आहे. म्हणून या आठवड्यात अशा ‘मिनिमलिस्ट’, म्हणजे मोजक्या घटकांच्या, पण महाग क्रीमची परीक्षा कशी करावी ते पाहू. अमुक कंपनी चांगली आणि तमुक वाईट, असे मी सांगणार नाही. दुकानात उभे राहून तुमचे तुम्हालाच ठरवता यावे, एवढाच उद्देश आहे.

त्वचेची भिंत

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. तो मृत पेशींचा बनलेला असला तरी निकामी नसतो. शरीरातले पाणी बाहेर उडून जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू व रसायने आत येऊ न देणे, ही दोन मोठी कामे तो करतो. अमेरिकेतील त्वचाशास्त्रज्ञ डॉ. पीटर इलायस यांनी या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती जगभर रूढ झाली. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. या चुन्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात. सिरॅमाइड नावाचे स्निग्ध पदार्थ साधारण निम्मे, त्याखालोखाल कोलेस्टेरॉल आणि मग मेदाम्ले.

चुना झडला की भिंतीतून पाणी झिरपते. त्वचेचेही तसेच होते. कडक पाण्याने अंघोळ, तीव्र साबण, थंडीतली कोरडी हवा, सतत पंखा किंवा एसी आणि वाढते वय यांमुळे हा चुना कमी होतो. मग त्वचा ओढल्यासारखी वाटते, पांढुरके पापुद्रे दिसतात, खाज येते आणि कोणतेही प्रसाधन लावले तरी झोंबते. डिसेंबर-जानेवारीत पठारावरच्या गावांत गाल फुटतात आणि समुद्रकाठच्या दमट कोकणात तितके फुटत नाहीत, त्याचे कारणही हेच.

क्रीम नेमके करते काय?

डबी पन्नास रुपयांची असो की दोन हजारांची, मॉइश्चरायझर तीनच प्रकारे काम करते.

पहिला प्रकार पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थांचा. ग्लिसरिन, युरिया, हायलुरॉनिक ॲसिड हे त्यातले. ग्लिसरिनचा शोध स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७७९ साली लावला आणि आजही ते या कामात कोणाला हार जात नाही. हायलुरॉनिक ॲसिडची जाहिरात मोठी असते. परंतु त्याचा नेहमीचा रेणू इतका मोठा असतो, की तो त्वचेत खोलवर जात नाही. वरच्या थरावर राहून पाणी धरतो, म्हणजे ग्लिसरिनचेच काम करतो.

दुसरा प्रकार झाकण घालणाऱ्या पदार्थांचा. माठावर झाकणी ठेवावी तसे हे पदार्थ त्वचेवर बसून पाणी उडू देत नाहीत. पेट्रोलियम जेली, मेण आणि डायमेथिकोन नावाचे सिलिकोन ही त्याची उदाहरणे. पेट्रोलियम जेलीचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली घेतले. दीडशे वर्षे उलटली, तरी पाणी अडवण्यात तिच्या तोडीचे पदार्थ फारच थोडे आहेत. ती नुसती वर थर देऊन बसते असा समज होता. १९९२ साली डॉ. इलायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ती वरच्या थरातील फटींत शिरते आणि तिच्याखाली त्वचेची डागडुजी चालू राहते.

तिसरा प्रकार फटी बुजवून त्वचा मऊ करणाऱ्या स्निग्ध पदार्थांचा. निरनिराळी तेले, मेदाम्ले आणि सिरॅमाइड यांत येतात.

चांगल्या क्रीममध्ये या तिन्ही प्रकारांतले एक-दोन तरी पदार्थ असावेत. नुसते पाणी धरणारे पदार्थ असतील, तर कोरड्या हवेत थोड्याच वेळात पुन्हा त्वचा ओढल्यासारखी वाटते. नुसते झाकण असेल तर काम होते, पण चेहरा तेलकट आणि चिकट वाटतो व माणूस चार दिवसांत कंटाळून लावणे सोडतो. या तिघांचा मेळ घालणे हीच क्रीम बनवण्याची खरी विद्या आहे. ग्लिसरिन, पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन हे सारे स्वस्त कच्चे माल आहेत. सिरॅमाइड त्या मानाने महाग असतात, पण ते क्रीममध्ये अगदी थोड्या प्रमाणात लागतात. म्हणजे किंमत फुगते ती बहुधा डबी, जाहिरात, दुकानदाराचे कमिशन आणि नाव यांमुळे. त्यातला थोडा भाग क्रीम हलके आणि न चिकटणारे बनवण्याच्या मेहनतीचा असतो, हेही मान्य केले पाहिजे.

कमी घटक : फायदा खरा, पण केवढा?

मोजक्या घटकांच्या कल्पनेत तथ्य आहे. चेहऱ्यावर आपण जितके जास्त पदार्थ लावू, तितकी त्यांतल्या एखाद्याची ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. प्रसाधनांमुळे होणाऱ्या ॲलर्जीत सुगंधी द्रव्यांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटी दर वर्षी एका पदार्थाकडे डॉक्टरांचे लक्ष वेधते. २००७ साली तिने सुगंधी द्रव्ये निवडली, तर २०१३ साली मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाचे परिरक्षक, म्हणजे क्रीम नासू न देणारे द्रव्य निवडले. युरोपीय संघाने तर चेहऱ्यावर राहणाऱ्या प्रसाधनांत हे द्रव्य वापरण्यास नंतर बंदीच घातली. तेव्हा ज्यांची त्वचा नाजूक आहे, ज्यांना इसब आहे, ज्यांना साध्या पावडरीनेही पुरळ येते, त्यांनी सुगंधविरहित आणि कमी घटकांचे क्रीम निवडावे हे योग्यच.

पण येथे दोन गोष्टी नीट समजून घ्या.

एक, ‘कमी घटक’ हा गुण महाग डबीची मक्तेदारी नाही. शुद्ध पेट्रोलियम जेलीत एकच घटक असतो. त्याहून ‘मिनिमलिस्ट’ काय असणार? औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कोरड्या त्वचेसाठीच्या साध्या, बिनवासाच्या क्रीममध्येही बहुधा आठ-पंधरा घटकच असतात.

दोन, ‘यात परिरक्षक नाही’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर सावध व्हा. ज्या क्रीममध्ये पाणी आहे त्यात बुरशी आणि जंतू वाढू शकतात. लोणच्यावर तेलाचा थर नसेल तर काय होते ते घरोघरी ठाऊक आहे. पाण्याचा अंश नसलेल्या जेलीला परिरक्षक लागत नाही, पण पाणी असलेल्या क्रीमला तो हवाच. ‘पॅराबेन-मुक्त’ हा शब्द हल्ली सर्रास छापतात. मात्र वर उल्लेखिलेल्या त्याच संस्थेने २०१९ साली पॅराबेनला ‘ॲलर्जी न करणारा पदार्थ’ म्हणून मुद्दाम निवडले, कारण इतर परिरक्षकांच्या तुलनेत त्याची ॲलर्जी क्वचितच आढळते. तेव्हा केवळ त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

लेबल वाचायला शिका

डबीच्या दर्शनी भागावर जे मोठ्या अक्षरांत असते ती जाहिरात. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते ती कुंडली. ती वाचायची. चष्मा लावून वाचा किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीकडून वाचून घ्या.

आपल्या देशातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जो सर्वांत जास्त तो पहिला. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा असते. ३० ग्रॅमहून लहान क्रीमच्या डबीवर ही यादी छापण्याचे बंधन नाही. म्हणून अगदी छोटी, पण महाग डबी घेताना यादी खोक्यावर तरी आहे ना, हे बघावे.

आता एक युक्ती सांगतो. अनेक क्रीममध्ये फिनॉक्सीइथॅनॉल नावाचे परिरक्षक असते. युरोपीय नियमांप्रमाणे ते १ टक्क्याहून जास्त घालता येत नाही आणि बाकीचे उत्पादकही बहुधा तेवढ्यातच राहतात. यादीत हे नाव कोठे आले ते शोधा. त्याच्या पुढे जे जे लिहिले आहे ते बहुतेक १ टक्क्याच्या आतले. दर्शनी भागावर कमळाचा अर्क, हिमालयातली वनस्पती किंवा मोत्यांचे भस्म झळकत असेल आणि यादीत ते शेवटून दुसरे असेल, तर भाजीत किती हिंग पडले आहे ते समजून घ्यावे. सिरॅमाइडसारखे काही पदार्थ मात्र थोड्या प्रमाणातही उपयोगी पडतात. त्यामुळे यादीत खाली असणारे सारेच निरुपयोगी, असेही समजू नये.

पहिल्या पाच-सहा नावांत पाणी, ग्लिसरिन, आणि पेट्रोलॅटम किंवा डायमेथिकोन किंवा एखादा स्निग्ध पदार्थ दिसला, की क्रीमचा सांगाडा ठीक आहे असे समजा. यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ शब्द आहे का ते बघा. निव्वळ ‘नैसर्गिक’ म्हणून घातलेली लव्हेंडर, संत्रे, लिंबू यांची सुगंधी तेले हेही सुगंधच आहेत आणि ॲलर्जी करण्यात कृत्रिम सुगंधांच्या मागे नाहीत.

मग स्वस्त आणि महाग अशा दोन डब्या शेजारी ठेवा आणि दोन्ही याद्यांतली पहिली सहा नावे ताडून पाहा. पुष्कळदा ती जवळजवळ सारखीच निघतात. लेखातले एवढे एक जरी करून पाहिले, तरी तुमचे पुष्कळ पैसे वाचतील.

दाव्यांची भाषा

‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ यावरून कोणी, किती जणांवर आणि काय तपासले, हे कळत नाही. ‘हायपोअलर्जेनिक’, म्हणजे ॲलर्जी कमी करणारे, या शब्दाची गोष्ट तर मासलेवाईक आहे. हा शब्द छापायचा तर तशा चाचण्या करून दाखवा, असा नियम अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली केला. प्रसाधन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ साली तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तेथे या शब्दाचा अर्थ ज्या त्या कंपनीच्या मनाप्रमाणे असतो.

आपल्याकडे १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याप्रमाणे प्रसाधन म्हणजे स्वच्छता करणारी, शोभा वाढवणारी किंवा रूप बदलणारी वस्तू. रोग बरा करणे हे औषधाचे काम. तेव्हा एखादे क्रीम इसब किंवा वांग बरे करण्याचा दावा करीत असेल आणि तरीही प्रसाधन म्हणून विकले जात असेल, तर त्यात कोठेतरी पाणी मुरते आहे.

सुरकुत्यांबद्दलही थोडे. कोणतेही चांगले मॉइश्चरायझर लावले, की त्वचेत पाणी टिकून बारीक रेषा काही तास कमी दिसतात. सुकलेली मनुका पाण्यात टाकली की फुगते, तसे ते आहे. याला तारुण्य परत येणे म्हणत नाहीत. चेहऱ्याचे वय वाढवण्यात उन्हाचा हात मोठा असतो. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर या गावी १९९२ ते १९९६ या काळात ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर एक अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वय वाढणे, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत साडेचार वर्षांत २४ टक्क्यांनी कमी दिसले. म्हणून मी सांगतो, की चेहऱ्यासाठी महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येत असेल, तर मॉइश्चरायझर साधे घ्या आणि उरलेल्या पैशांत सनस्क्रीन घ्या. दुचाकीवर रुमाल आणि शेतात टोपी किंवा डोक्यावरून पदर, हे तर फुकटच आहे.

चला, हिशेब मांडू

डबीची किंमत बघू नका. दर ग्रॅमची किंमत बघा. हल्ली ती बहुतेक वेष्टनांवर छापलेली असते. नसेल तर एकूण किमतीला वजनाने भागा.

चेहरा आणि मान यांना एका वेळी साधारण एक ग्रॅम क्रीम लागते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून क्रीमची रेघ काढली, की ती सुमारे अर्धा ग्रॅम भरते. अशा दोन रेघा म्हणजे एक ग्रॅम. दिवसातून दोन वेळा लावले तर रोजचे दोन ग्रॅम.

समजा, पन्नास ग्रॅमची डबी पंधराशे रुपयांची आहे. म्हणजे ग्रॅमला ३० रुपये आणि रोजचे ६० रुपये झाले. डबी पंचवीस दिवसांत संपेल. वर्षाचा खर्च २१,९०० रुपये. आता समजा, दुसरे क्रीम शंभर ग्रॅमला तीनशे रुपये आहे. ग्रॅमला ३ रुपये, रोजचे ६ आणि वर्षाचे २,१९० रुपये. फरक १९,७१० रुपयांचा. पंधराशेची खरेदी म्हणून जी डोळ्यांना एवढीशी दिसते, तिचा वर्षाचा आकडा असा निघतो.

यात आणखी एक मेख आहे. महाग डबी माणूस जपून वापरतो. मटारएवढा ठिपका घेऊन साऱ्या चेहऱ्याला पुसतो आणि मग ‘काही फरक पडत नाही’ म्हणतो. स्वस्त क्रीम पुरेसे लावलेले बरे, महाग क्रीम कंजुषीने लावलेले नव्हे.

पंधरा दिवसांची परीक्षा

विकत घेण्याआधी छोटी ट्यूब किंवा नमुना मिळाला तर उत्तम. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, असे सात दिवस लावा. लाली, खाज किंवा पुरळ आले, तर ते क्रीम कितीही महाग असले तरी तुमच्यासाठी नाही.

ही परीक्षा पार पडली, की अर्ध्या चेहऱ्याची चाचणी घ्या. उजव्या गालावर स्वस्त क्रीम, डाव्यावर महाग, असे दोन आठवडे लावा. बाकी सर्व, म्हणजे साबण, पाणी, ऊन, दोन्हींकडे सारखे. कोणत्या गालाला काय लावता हे घरात कोणाला सांगू नका. पंधराव्या दिवशी दिवसाच्या उजेडात सासूबाईंना किंवा बहिणीला विचारा, की कोणता गाल जास्त मऊ आहे? पैसे ज्याने मोजले त्याच्या डोळ्यांना महाग गाल नेहमीच जास्त तुकतुकीत दिसतो. म्हणून निवाडा दुसऱ्याकडून घ्यावा.

महाग क्रीम केव्हा घ्यावे?

सरसकट ‘घेऊ नका’ म्हणणे न्यायाचे होणार नाही. अनेक साधी क्रीम लावून पाहिली, प्रत्येकाने पुरळ आले आणि एकच महाग क्रीम सोसते, अशी त्वचा असू शकते. तिथे पैसे वसूल होतात. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट करून तुम्हाला नेमके कशाचे वावडे आहे ते सांगितले आणि तो पदार्थ नसलेले क्रीम महागच मिळते, तरीही घ्यावे. बोटे घालण्याची डबी नसून पंप किंवा ट्यूब असेल, तर क्रीम जास्त दिवस स्वच्छ राहते. हाही फायदाच, अर्थात तो शंभर रुपयांच्या ट्यूबमध्येही मिळतो. आणि तिसरे असे, की ज्याचा स्पर्श आवडतो म्हणून ते रोज न चुकता लावले जाते आणि घरखर्चाला ओढ बसत नाही, असे असेल तर ती हौस म्हणून खुशाल करावी. फक्त तिला हौस म्हणावे, औषध म्हणू नये.

माझा आक्षेप आहे तो वेगळ्याच गोष्टीला. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, त्या ‘पगार झाल्यावर घेते’ म्हणणाऱ्या एका बाईंच्या पर्समध्ये मी अशी नवी कोरी डबी पाहिली आहे. क्रीम एक महिना राहिले तर गाल थोडे कोरडे पडतील. रक्तदाबाची गोळी महिनाभर राहिली तर काय होऊ शकते, हे मी लिहायला नको.

स्वस्तातला धोका

हे वाचून कोणी बाजारातले मिळेल ते स्वस्त क्रीम उचलू नये. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली नाही, ती फुकट मिळाली तरी नको. ‘आठ दिवसांत गोरे’ करणाऱ्या काही बेनामी क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो त्वचेतून शिरून मूत्रपिंडाला इजा करतो. केरळात २०२१ ते २०२३ या काळात डॉक्टरांना अशी क्रीम लावणारे मूत्रपिंडाचे अनेक रुग्ण आढळले.

दुसरा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर असतील, तर ते मॉइश्चरायझर नव्हे, औषध आहे. पहिले काही दिवस चेहरा उजळतो आणि मग त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ व लव वाढते आणि मलम सोडताच आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. शेजारणीला गुण आला म्हणून ती आपण आणू नयेत.

क्रीमने न भागणारा कोरडेपणा

काही वेळा कोरडी त्वचा हे आतल्या आजाराचे लक्षण असते. थकवा, वजन वाढणे, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे आणि पाळीत जास्त अंगावर जाणे यांबरोबर त्वचा कोरडी पडली असेल, तर थायरॉइडची तपासणी करावी. सतत तहान, वारंवार लघवी आणि कोरडेपणा असेल तर रक्तातील साखर पाहावी. नाकाच्या बाजूला, भुवयांत आणि डोक्यात तेलकट, पिवळसर कोंडा असेल, तर तो कोरडेपणा नसून वेगळाच त्वचाविकार असतो. त्यावर तेलकट क्रीम थापल्याने तो वाढतोही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. चेहऱ्यावर किंवा अंगावर एकच फिकट, कोरडा चट्टा असेल आणि तेथे स्पर्श किंवा टोचणे कमी जाणवत असेल, तर क्रीम बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात जावे. तो कुष्ठरोग असू शकतो. लवकर कळला तर तो पूर्ण बरा होतो आणि त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. असा चट्टा क्रीमखाली झाकून वर्ष घालवणे, हे सर्वांत महागडे क्रीम ठरेल.

थोडक्यात

१. अंघोळ कोमट पाण्याने करावी. चेहऱ्याला तीव्र साबण दिवसात दोनदोनदा लावू नये. लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळू नये.

२. तोंड धुतल्यावर हलके टिपून, त्वचा ओलसर असतानाच क्रीम लावावे. कोणत्याही क्रीमचा गुण याने वाढतो.

३. पहिली सहा नावे वाचावीत. पाणी धरणारा एक आणि झाकण घालणारा एक पदार्थ असावा. सुगंध नसेल तर बरे.

४. दर ग्रॅमची किंमत काढून वर्षाचा हिशेब करावा.

५. खोबरेल अंगाला उत्तम, पण मुरुम येणाऱ्या चेहऱ्याला नको. मोहरीचे तेल नाजूक त्वचेला झोंबू शकते. मुरुम येत असतील तर हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर निवडावे.

६. ओठ, टाचा आणि फुटलेल्या हातांना रात्री पेट्रोलियम जेली लावावी. तिथे महाग क्रीम वाया घालवू नये.

७. दोन-तीन आठवडे नीट लावूनही कोरडेपणा, खाज किंवा लाली राहिली, तर क्रीम बदलत बसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

क्रीममध्ये कमी घटक असावेत हा विचार चांगला आहे. तोच विचार खर्चालाही लावला, तर त्वचा आणि संसार दोन्ही ठीक राहतात.

पुढील आठवड्यात सनस्क्रीन कसे निवडावे आणि किती लावावे, ते पाहू.